व्यावसायिक मिररलेस कॅमेरा व प्रारंभिक श्रेणीचा जुना डीएसएलआर : वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयीन प्रलेखनाच्या संदर्भात तुलनात्मक विवेचन

सारांश : महाविद्यालयांतील विविध विभागांना स्थानिक वारसा, निसर्ग, लोकजीवन व संस्थेचे उपक्रम यांचे छायाचित्रण करावे लागते. अनेक महाविद्यालयांकडे दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला प्रारंभिक श्रेणीचा डीएसएलआर कॅमेरा आहे. त्याऐवजी व्यावसायिक मिररलेस कॅमेरा घ्यावा काय, असा प्रश्न आता खरेदी समित्यांपुढे येतो. प्रस्तुत लेखात कॅनन ईओएस ११००डी (२०११) व कॅनन ईओएस आर५ (२०२०) ही दोन प्रातिनिधिक उदाहरणे घेऊन या प्रश्नाचे विवेचन केले आहे. सेवाग्राम आश्रमात छायाचित्रण करणाऱ्या कनू गांधी यांच्यावर महात्मा गांधींनी घातलेल्या तीन अटी या तुलनेचे निकष म्हणून वापरल्या आहेत. मंद प्रकाशात कॅमेऱ्याच्या बॉडीपेक्षा भिंग अधिक निर्णायक ठरते. शांतता, हालचाल व चित्रफीत या बाबतींत मिररलेसची श्रेष्ठता निर्विवाद आहे. आणि बहुतांश महाविद्यालयीन कामासाठी जुना कॅमेरा योग्य भिंगासह पुरेसा आहे, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : मिररलेस, डीएसएलआर, सेन्सर, भिंग, मंद प्रकाश, प्रलेखन, सेवाग्राम, वर्धा जिल्हा.

प्रस्तावना

१९३६ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. येथील आश्रमजीवनाची जी छायाचित्रे आज आपल्याला परिचित आहेत, त्यांपैकी फार मोठा भाग कनू गांधी यांनी टिपलेला आहे. गांधीजींचे पुतणे नारणदास गांधी यांचे हे चिरंजीव. ते गांधीजींच्या कार्यालयात काम करीत असत. विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी त्यांना छायाचित्रणास प्रोत्साहन दिले. कनूंनी कॅमेऱ्यासाठी पैसे मागितले तेव्हा गांधीजींनी नकार दिला. पुढे घनश्यामदास बिर्ला यांनी भेट दिलेल्या शंभर रुपयांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली. छायाचित्रणाची अनुमती देताना गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅशचा प्रकाश वापरायचा नाही, कोणत्याही छायाचित्रासाठी आपल्याला थांबावयास अथवा बसावयास सांगायचे नाही, आणि आश्रम या छंदाचा खर्च करणार नाही.

या अटींमागील भूमिका नैतिक होती. परंतु तांत्रिक दृष्टीने पाहिल्यास कोणत्याही कॅमेऱ्याची कसोटी पाहणारे हे तीन प्रश्न आहेत. मंद प्रकाशात कॅमेरा काय करतो? न थांबणारा, न सांगता हालणारा विषय तो कितपत टिपतो? आणि त्यासाठी किती खर्च येतो? आज महाविद्यालयाच्या कपाटातील जुना कॅमेरा आणि दरपत्रकातील नवा कॅमेरा यांची तुलना करताना हेच तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल.

प्रत्यक्षात मात्र खरेदीची चर्चा बहुधा 'किती मेगापिक्सेल' या एका प्रश्नाभोवती फिरते. त्यामुळे एक तर अनावश्यक खर्च होतो, नाही तर खर्च होऊनही ज्या कामासाठी कॅमेरा घेतला ते काम साधत नाही. दोन्ही प्रसंगी हानी स्थानिक प्रलेखनाची होते. जी वृद्ध माणसे, जी घरे, जे उत्सव आज आहेत, ते नवा कॅमेरा येईपर्यंत थांबत नाहीत.

उद्दिष्टे

१) डीएसएलआर व मिररलेस यांच्या रचनेतील मूलभूत भेद स्पष्ट करणे.
२) मंद प्रकाश, हालचाल व खर्च या तीन निकषांवर दोन्ही कॅमेऱ्यांची तुलना करणे.
३) वर्धा जिल्ह्यातील प्रत्यक्ष प्रलेखनकार्याच्या संदर्भात महाविद्यालयांसाठी व्यवहार्य सूचना करणे.

अभ्यासपद्धती

सदर विवेचन उत्पादकाने जाहीर केलेली वैशिष्ट्ये व त्यांवरून साध्या गणिताने काढलेले निष्कर्ष यांवर आधारित आहे. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे निवडले आहेत. जुन्या कॅमेऱ्याची भिंगे नव्यावर वापरता येत असल्याने तुलना अधिक अर्थपूर्ण होते. आर५ या कॅमेऱ्याची पुढील आवृत्ती २०२४ मध्ये आली आहे. तथापि, येथे मांडलेली तत्त्वे त्या आवृत्तीस व अन्य कंपन्यांच्या समकक्ष कॅमेऱ्यांनाही लागू पडतात.

रचनेतील भेद

डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंग व सेन्सर यांच्यामध्ये ४५ अंशांच्या कोनात एक आरसा बसविलेला असतो. भिंगातून आलेला प्रकाश या आरशावरून वर परावर्तित होतो व डोळ्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे छायाचित्रकार प्रत्यक्ष दृश्यच पाहत असतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. 'खटक्' असा जो परिचित आवाज येतो, त्याचा मोठा भाग या आरशाच्या हालचालीचा असतो. फोकस साधण्यासाठी तळाशी एक स्वतंत्र संवेदक असतो. मुख्य आरशाच्या मागील छोट्या आरशावरून त्याला प्रकाश मिळतो.

मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसा नसतो. प्रकाश सतत सेन्सरवरच पडतो व सेन्सरने टिपलेले दृश्य डोळ्याजवळच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर दिसते. या एका बदलाचे तीन परिणाम होतात. पहिला, भिंग सेन्सरच्या अधिक जवळ आणता येते. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मि.मी. होते, नव्या आरएफ माउंटमध्ये ते २० मि.मी. आहे. दुसरा, फोकस मोजण्याचे काम सेन्सरच करीत असल्याने चौकटीच्या जवळजवळ कोणत्याही भागात फोकस साधता येतो, आणि स्वतंत्र संवेदकाच्या जुळणीतील चुकीमुळे फोकस पुढे-मागे जाण्याचा दोष उरत नाही. तिसरा, सेन्सर व पडदा सतत चालू राहिल्याने बॅटरी लवकर संपते.

येथे एक ऐतिहासिक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. कनू गांधींच्या रोलीफ्लेक्समध्ये आरसा होता, परंतु तो स्थिर होता. पाहण्यासाठी वरचे भिंग आणि छायाचित्रासाठी खालचे भिंग अशी तिची रचना असल्याने आरसा हलण्याचा प्रश्नच नव्हता. तिचे भिंगातील शटर अत्यंत हळू आवाजाचे होते. आश्रमाच्या शांततेला अनुकूल असा हा गुण पुढील काळातील एसएलआर व डीएसएलआर कॅमेऱ्यांत हरवला होता. मिररलेसने तो परत आणला.

तक्ता क्र. १ : दोन कॅमेऱ्यांची प्रमुख वैशिष्ट्ये

| बाब | ईओएस ११००डी | ईओएस आर५ |
|---|---|---|
| बाजारात आल्याचे वर्ष | २०११ | २०२० |
| सेन्सरचा आकार (मि.मी.) | सुमारे २२ × १४.७ | ३६ × २४ |
| मेगापिक्सेल | १२.२ | ४५ |
| चित्राचा आकार (पिक्सेल) | ४२७२ × २८४८ | ८१९२ × ५४६४ |
| मूळ आयएसओ मर्यादा | १०० ते ६,४०० | १०० ते ५१,२०० |
| प्रतिसेकंद छायाचित्रे | ३ | १२ (यांत्रिक), २० (इलेक्ट्रॉनिक) |
| फोकससाठी निवडता येणारी स्थाने | ९ | ५,९४० |
| बॉडीतील स्थिरीकरण | नाही | आहे |
| चित्रफीत | १२८० × ७२० | ८के पर्यंत |
| बाह्य मायक्रोफोनची सोय | नाही | आहे |
| मेमरी कार्डच्या जागा | १ | २ |
| बॅटरी व कार्डसह वजन | ४९५ ग्रॅम | ७३८ ग्रॅम |

तक्त्यावरून दोन प्रचलित समजुती तपासून घेता येतात. 'मिररलेस म्हणजे हलका' हे विधान व्यावसायिक श्रेणीबाबत खरे नाही. तसेच मेगापिक्सेलमधील तफावत मोठी दिसली तरी तिचा उपयोग छपाईच्या आकारावर अवलंबून आहे. ए-४ आकाराचे पृष्ठ प्रति इंच ३०० बिंदूंनी छापावयास ३५०८ × २४८० पिक्सेल, म्हणजे सुमारे ८.७ मेगापिक्सेल लागतात. ११००डीचे छायाचित्र या गरजेहून मोठे आहे. वार्षिकांक, संशोधनपत्रिका, अहवाल अथवा संकेतस्थळ यांसाठी ४५ मेगापिक्सेलची आवश्यकता भासत नाही. भित्तिचित्राएवढे मोठे प्रदर्शनफलक करावयाचे असतील, किंवा हस्तलिखिताच्या पानावरील सूक्ष्म तपशील टिपावयाचे असतील, तेथे अधिक पिक्सेलचा लाभ आहे.

पहिली अट : कृत्रिम प्रकाश नको

सेवाग्राम येथील बापूकुटी व आदिनिवास या मातीच्या भिंतींच्या, बांबू-लाकडाच्या व कवेलूच्या छपराच्या वास्तू आहेत. बाहेर वैदर्भीय ऊन प्रखर असते, आत मात्र सौम्य, एका बाजूने येणारा प्रकाश असतो. जिल्ह्यातील जुनी मातीची घरे, मंदिरांचे गाभारे, विणकरांच्या खोल्या यांचीही स्थिती अशीच असते. अशा ठिकाणी फ्लॅश वापरल्यास भिंतीचा पोत सपाट होतो आणि वास्तूचा स्वभावच छायाचित्रातून निघून जातो. म्हणून उपलब्ध प्रकाशातच काम करणे इष्ट.

उपलब्ध प्रकाश टिपण्याची क्षमता मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. एक सेन्सरचे क्षेत्रफळ, दुसरी भिंगाच्या छिद्राचा व्यास. छिद्र एफ-संख्येने दर्शवितात. संख्या जितकी लहान तितके छिद्र मोठे.

प्रथम सेन्सर पाहू. ११००डीच्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे ३२३ चौ.मि.मी. व आर५चे ८६४ चौ.मि.मी. आहे. गुणोत्तर सुमारे २.७ येते. म्हणजे इतर सर्व बाबी समान असतील तर नवा कॅमेरा एकूण २.७ पट प्रकाश गोळा करतो.

आता भिंग पाहू. ११००डीसोबत सामान्यतः १८-५५ मि.मी.चे किट लेन्स मिळत असे. ५० मि.मी.च्या आसपास त्याचे सर्वांत मोठे छिद्र एफ/५.६ असते. त्याऐवजी ५० मि.मी. एफ/१.८ हे साधे, एकाच नाभीय अंतराचे भिंग लावल्यास प्रकाशाचे प्रमाण (५.६ ÷ १.८) च्या वर्गाइतके, म्हणजे जवळजवळ १० पट होते.

या दोन आकड्यांची तुलना हा या लेखाचा गाभा आहे. बॉडी बदलून मिळणारा लाभ २.७ पट, तर भिंग बदलून मिळणारा लाभ जवळजवळ १० पट. किमतीचे प्रमाण मात्र नेमके उलट आहे. आर५ बाजारात आली तेव्हा भारतात नुसत्या बॉडीची किंमत तीन लाख रुपयांहून अधिक होती, ५० मि.मी. एफ/१.८ भिंग काही हजार रुपयांत मिळते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या मंद प्रकाशाच्या खोलीत आयएसओ १६०० ठेवून एफ/५.६ छिद्रास १/८ सेकंदाचा शटर स्पीड लागतो असे मानू. हातात धरलेल्या कॅमेऱ्याने या वेगाला चित्र हलण्याची शक्यता अधिक. एफ/१.८ भिंग लावताच त्याच प्रकाशात सुमारे १/८० सेकंद मिळतो. आयएसओ ३२०० केल्यास १/१६० सेकंद मिळतो आणि सूत कातणाऱ्या व्यक्तीचा हातही बऱ्याच अंशी स्पष्ट येतो. याच खोलीत आर५ला तिचे नेहमीचे २४-१०५ मि.मी. एफ/४ भिंग लावले, तर १/८० सेकंदासाठी आयएसओ सुमारे ८००० पर्यंत न्यावा लागतो. नवा सेन्सर हा आयएसओ समर्थपणे पेलतो, हे खरे. परंतु जुन्या कॅमेऱ्याची अडचण बॉडीपेक्षा भिंगात होती, हेही यावरून स्पष्ट होते.

या विधानाला तीन मर्यादा आहेत. एक, मोठ्या छिद्राने स्पष्टतेची खोली कमी होते. चेहरा स्पष्ट आला तरी मागील भिंत धूसर होते. दोन, ११००डीच्या लहान सेन्सरमुळे ५० मि.मी. भिंगाची चौकट पूर्ण आकाराच्या सेन्सरवरील ८० मि.मी.एवढी अरुंद होते. लहानशा कुटीत तेवढे मागे सरकण्यास जागा नसते. अशा वेळी २४ मि.मी. एफ/२.८ भिंग उपयोगी पडते. तीन, खिडकीचा उजेड व कोपऱ्यातील अंधार एकाच चौकटीत असल्यास जुन्या सेन्सरची मर्यादा उघड होते. छायेचा भाग संगणकावर उजळ केला की त्यात कण व पट्ट्या दिसू लागतात. आर५ येथे निश्चितच सरस आहे.

मात्र विषय स्थिर असेल तर यावरही उपाय आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, आयएसओ १०० व छिद्र एफ/८ ठेवून, काही सेकंदांचे छायाचित्र घ्यावे. ११००डीमध्ये कमी, योग्य व अधिक प्रकाशाची तीन छायाचित्रे सलग घेण्याची सोय आहे. ती नंतर एकत्र करता येतात. रिकामी खोली, चरखा, शिलालेख, मूर्ती, जुने दस्तऐवज यांच्या बाबतीत ट्रायपॉड लावताच दोन्ही कॅमेऱ्यांतील अंतर फारच कमी होते.

दुसरी अट : थांबावयास सांगायचे नाही

विषय जिवंत असेल, हालत असेल आणि त्याच्या शांततेचा भंग करावयाचा नसेल, तेव्हा चित्र बदलते. या निकषावर मिररलेसची श्रेष्ठता मान्य करावीच लागेल.

सेवाग्राम आश्रमातील सायंप्रार्थना मावळत्या प्रकाशात होते. तेथे आरशाचा प्रत्येक 'खटक्' आवाज उपस्थितांचे लक्ष वेधतो. आर५मधील इलेक्ट्रॉनिक शटर पूर्णतः नि:शब्द आहे. प्रार्थना, शास्त्रीय गायन, व्याख्यान, वर्गाध्यापनाचे निरीक्षण, समुपदेशन अथवा मुलाखत यांसाठी हा केवळ सोयीचा भाग नसून संशोधननीतीचा भाग आहे. कॅमेऱ्याच्या आवाजाने माणसांचे वागणे बदलते, आणि मग आपण जे टिपतो ते मूळचे वर्तन राहत नाही.

तथापि, नि:शब्द शटरचाही एक दोष ध्यानात ठेवावा लागतो. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने नळीदिवे व अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक प्रकाशतात. त्यामुळे सभागृहात नि:शब्द छायाचित्रांवर आडवे काळसर पट्टे उमटू शकतात. शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास ते बहुतांशी टळतात. अन्यथा यांत्रिक शटर वापरावे.

फोकसच्या बाबतीत अंतर याहून मोठे आहे. ११००डीत नऊ फोकस-स्थाने असून ती चौकटीच्या मध्यभागी एकवटलेली आहेत. त्यांपैकी मधलेच स्थान सर्वांत विश्वासार्ह आहे. आर५ माणसाचा, प्राण्याचा वा पक्ष्याचा डोळा ओळखून त्याचा पाठलाग करते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सिंदी (रेल्वे) येथे तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदीबैल घेऊन मुले गर्दीतून पुढे सरकत असतात. अशा वेळी जुन्या कॅमेऱ्याने दहांतील मोजकीच छायाचित्रे नेमकी येतील, नव्याने बहुतेक येतील. परंतु तान्हा पोळा दिवसाउजेडी असतो. १/५०० सेकंद, एफ/८ व मधले फोकस-स्थान एवढी पूर्वतयारी केल्यास जुन्या कॅमेऱ्यानेही अहवालास साजेशी छायाचित्रे मिळतात, फक्त छायाचित्रकाराला क्षणाची वाट पाहावी लागते.

बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. प्राणिशास्त्र व पर्यावरणशास्त्र विभागांसाठी हे नैसर्गिक अभ्यासक्षेत्र आहे. वन्यजीव बहुधा पहाटे व संध्याकाळी, म्हणजे प्रकाश कमी असतानाच दिसतात. येथे वेगवान फोकस, सेकंदाला १२ ते २० छायाचित्रे व उच्च आयएसओ हे तिन्ही गुण एकदम लागतात. मात्र येथेही भिंगाचा प्रश्न सुटत नाही. आर५ घेऊन दूरदर्शी भिंग न घेतल्यास पक्षी चौकटीत ठिपक्याएवढाच राहील. जुने ५५-२५० मि.मी. ईएफ-एस भिंग अॅडॉप्टरने आर५वर लावता येते. पण ते लहान सेन्सरसाठी घडविलेले असल्याने कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि ४५ऐवजी सुमारे १७ मेगापिक्सेलचे चित्र देतो. ११००डीच्या १२ मेगापिक्सेलहून हे फार दूर नाही. लाभ उरतो तो फोकसचा, वेगाचा व सेन्सरच्या नवेपणाचा.

चित्रफीत व मौखिक इतिहास

ग्रामोद्योग, खादी, भूदान व नयी तालीम यांच्याशी निकटचा संबंध आलेल्या व्यक्तींच्या आठवणी नोंदविणे हे वर्धा जिल्ह्यातील इतिहास, समाजशास्त्र व भाषा विभागांचे विशेष दायित्व आहे. ही पिढी वेगाने कमी होत आहे. या कामात ११००डी स्पष्टपणे अपुरी पडते. तिची चित्रफीत १२८० × ७२० पिक्सेलची असून बाह्य मायक्रोफोन जोडण्याची सोय नाही. आर५मध्ये मायक्रोफोन व हेडफोन दोन्ही जोडता येतात आणि ४के दर्जाची उत्तम चित्रफीत मिळते. दोन कार्डांवर एकाच वेळी छायाचित्रे साठविण्याची सोयही मोलाची आहे, कारण पुन्हा न मिळणाऱ्या प्रसंगी एक कार्ड निकामी झाल्यास दुसरे हाताशी राहते.

असे असले तरी मौखिक इतिहासात चित्रापेक्षा ध्वनी महत्त्वाचा असतो. स्वतंत्र ध्वनिमुद्रक, कॉलरला लावावयाचा मायक्रोफोन आणि एखादा बऱ्यापैकी स्मार्टफोन ट्रायपॉडवर बसवून घेतलेली मुलाखत ही संशोधनाच्या दृष्टीने पुरेशी असते. चित्रफितीसाठीच नवा कॅमेरा हवा असेल तर मध्यम श्रेणीचे मिररलेसही हे काम करतात. त्यासाठी ८केची गरज नाही.

तिसरी अट : खर्च आश्रमाचा नाही

कॅमेऱ्याची किंमत म्हणजे बॉडीची किंमत नव्हे. आर५ घेतल्यास आरएफ भिंगे, जलद सीएफएक्सप्रेस कार्ड, जादा बॅटरी आणि मोठ्या धारिका हाताळू शकणारा संगणक हे सर्व ओघानेच येते. ११००डीचे एक रॉ छायाचित्र सुमारे १७ एमबीचे, तर आर५चे सुमारे ४५ एमबीचे असते. हजार छायाचित्रांच्या एका कार्यक्रमास अनुक्रमे सुमारे १७ जीबी व ४५ जीबी जागा लागते. ८के रॉ चित्रफितीचा वेग सेकंदाला सुमारे २,६०० मेगाबिट असल्याने एका मिनिटाची चित्रफीत जवळजवळ २० जीबी होते. साठवणुकीची तरतूद नसल्यास मूळ छायाचित्रे पुसून टाकण्याची वेळ येते. असे झाले तर घेतलेल्या कॅमेऱ्याचा हेतूच फसतो.

जुन्या कॅमेऱ्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. ११००डीची एलपी-ई१० बॅटरी पुढील काळातील १५००डी आदी कॅमेऱ्यांतही वापरली गेल्याने ती मिळणे दुरापास्त नाही. ईएफ माउंट १९८७पासूनचा असल्याने वापरलेली चांगली भिंगे बाजारात विपुल आहेत. आज घेतलेले ईएफ भिंग उद्या मिररलेस बॉडी आल्यावर अॅडॉप्टरने तिच्यावरही चालते. म्हणजे भिंगावरील खर्च वाया जात नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कॅननचा ईओएस-१डी एक्स मार्क ३ (२०२०) हा त्या कंपनीचा शेवटचा सर्वोच्च श्रेणीचा डीएसएलआर ठरला. प्रमुख कंपन्यांचे नवे संशोधन आता मिररलेसमध्येच होत आहे. म्हणून जुना डीएसएलआर हाताशी असेल तर तो वापरणे शहाणपणाचे. परंतु नव्याने खरेदी करताना डीएसएलआर घेणे दूरदृष्टीचे ठरणार नाही.

वर्ध्याचे हवामान

मे महिन्यात वर्ध्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. दोन्ही कॅमेऱ्यांची जाहीर कार्यमर्यादा ० ते ४० अंश आहे. आर५मध्ये सेन्सर सतत चालू राहत असल्याने उष्णतेचा प्रश्न अधिक तीव्र होतो. कॅमेरा बाजारात आला त्या वेळी २३ अंश तापमानातही ८के चित्रण सुमारे २० मिनिटांनी थांबेल, असे कंपनीनेच जाहीर केले होते. उन्हाळ्यातील दीर्घ चित्रणासाठी कमी दर्जाची मांडणी निवडणे, कॅमेरा सावलीत ठेवणे व मधूनमधून बंद करणे आवश्यक आहे. पावसाळ्यात भिंगावर बुरशी येण्याचा धोका दोन्हींना सारखाच आहे. कपाटात बंद पडून राहिलेल्या कॅमेऱ्याला तो अधिक असतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह कॅमेरा ठेवणे व त्याचा नियमित वापर करणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

प्रलेखन म्हणजे केवळ छायाचित्र नव्हे

कनू गांधी यांनी सुमारे १९३८ ते १९४८ या काळात टिपलेली छायाचित्रे आज ऐतिहासिक साधने ठरली आहेत, कारण त्यांतील व्यक्ती, स्थळ व प्रसंग यांची ओळख पटविता येते. महाविद्यालयांच्या संगणकांवर मात्र केवळ क्रमांकाने ओळखली जाणारी असंख्य छायाचित्रे पडून असतात. कोणता कार्यक्रम, कोणते गाव, कोणती व्यक्ती हे सांगणारा प्राध्यापक निवृत्त झाला की ती छायाचित्रे मुकी होतात. नॅकच्या कामासाठी जिओ-टॅग असलेली छायाचित्रे मागितली जात आली आहेत. त्यासाठी ११००डीमध्ये सोय नाही आणि आर५मध्येही स्वतःची जीपीएस यंत्रणा नसून मोबाइलची मदत घ्यावी लागते. हे काम साध्या मोबाइलनेच अधिक सुलभ होते. तात्पर्य, दिनांक, स्थळ, व्यक्तींची नावे, छायाचित्रकार व परवानगी यांची नोंद ठेवणे ही गोष्ट कोणत्याही कॅमेऱ्याच्या दर्जापेक्षा अधिक मोलाची आहे.

निष्कर्ष

१) दिवसाच्या प्रकाशात व ए-४ आकारापर्यंतच्या छपाईत दोन्ही कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतील फरक सामान्य वाचकाला जाणवण्याइतका राहत नाही.
२) मंद प्रकाशात बॉडी बदलण्यापेक्षा भिंग बदलण्याचा लाभ अधिक व खर्च कितीतरी कमी आहे. स्थिर विषयासाठी ट्रायपॉड पुरेसा आहे.
३) शांतता, वेगवान हालचाल, वन्यजीव व चित्रफीत या चार बाबतींत मिररलेस कॅमेरा गुणात्मकदृष्ट्या श्रेष्ठ आहे.
४) व्यावसायिक मिररलेसचा खरा खर्च भिंगे, कार्ड, साठवणूक व संगणक यांसह मोजला पाहिजे.
५) नव्या खरेदीत डीएसएलआरला भवितव्य नाही, परंतु हाती असलेला डीएसएलआर निकामी समजणे चुकीचे आहे.

सूचना

महाविद्यालयांनी प्रथम जुना कॅमेरा दुरुस्त व स्वच्छ करून घ्यावा, त्यास एक एफ/१.८ भिंग व एक मजबूत ट्रायपॉड जोडावा, आणि वर्षभर त्याच्यावर प्राध्यापक-विद्यार्थ्यांचा गट काम करू द्यावा. वर्षाअखेरीस कोणती कामे अडली याची यादी करावी. त्या यादीत प्रार्थना, वन्यजीव, मुलाखती अशी कामे वारंवार येत असतील तर मिररलेसची मागणी साधार ठरते, आणि तीही सर्वोच्च श्रेणीचीच असावी असे नाही. शक्य असल्यास जिल्ह्यातील दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक व्यावसायिक संच घ्यावा व आळीपाळीने वापरावा. छायाचित्रांच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी, नोंदींसह, ग्रंथालयात ठेवाव्यात.

आश्रमाने खर्च नाकारला, प्रकाश नाकारला, थांबण्यासही नकार दिला, तरीही एका रोलीफ्लेक्सने सेवाग्रामचे दशक जतन केले. आपल्या कपाटातील कॅमेरा त्याहून कमी समर्थ नाही. तो बाहेर काढणे ही पहिली पायरी होय.